मधुमेह-सूचक श्वान

मधुमेह-सूचक श्वान : इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा घसरू लागताच वासावरून ते ओळखून त्याला सावध करण्यासाठी शिकवलेला सहाय्यक कुत्रा. थरथर, घाम, धडधड ही लक्षणे ज्यांना जाणवेनाशी झाली आहेत, अशा रुग्णांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. साखर वारंवार उतरत राहिली की शरीराचा हा इशारा बोथट होतो आणि माणूस एकदम गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो.

कुत्रा नेमका कशाचा वास घेतो, याचा अजून निकाल लागलेला नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या ८ स्त्रियांची साखर देखरेखीखाली उतरवली, तेव्हा त्यांच्या श्वासातील आयसोप्रीन वायूचे प्रमाण वाढलेले आढळले (२०१६). कुत्रे त्यालाच प्रतिसाद देतात, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

प्रशिक्षणाचा पाया म्हणजे नमुने. साखर ७० मिग्रॅ./डेसिलिटरच्या खाली गेली की रुग्ण कापसाचा बोळा तोंडात भिजवतो किंवा त्याने घाम टिपतो, बोळा काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घालतो, वर आकडा आणि वेळ लिहून बाटली फ्रीझरमध्ये ठेवतो. बोळा साखर तोंडात टाकण्यापूर्वीच घ्यायचा, नाहीतर कुत्रा ग्लुकोजच्या गोळीचा वास शिकतो. मात्र साखर फार खाली गेली असेल तर नमुना सोडून आधी खावे. त्याच व्यक्तीचे साखर ठीक असतानाचे नमुनेही तशाच बाटल्यांत, त्याच कापसावर लागतात. ते नसले तर कुत्रा हातमोजा, कापूस, झाकण यांपैकी काहीही ‘ओळखू’ लागतो. कोणती बाटली कोणती हे चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसावे, कारण कुत्री माणसाच्या नजरेवरून उत्तर काढण्यात पटाईत असतात.

इशारा म्हणून नाकाने ढोसणे, गुडघ्यावर पंजा ठेवणे किंवा पट्ट्याला अडकवलेली छोटी दोरी तोंडात धरणे शिकवतात. भुंकणे सहसा टाळतात. रात्रीसाठी पांघरूण ओढून माणूस उठून बसेपर्यंत न थांबण्याचा वेगळा सराव लागतो.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. इशारा मिळाला की बोटातून रक्त घेऊन साखर तपासायची. त्वचेखालचा सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. रक्तातली घसरण तिथे दिसायला काही मिनिटे लागतात. म्हणून सेन्सर ९० दाखवतो एवढ्यावरून कुत्र्याला खोटे ठरवू नये. १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच शोषली जाणारी १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटे थांबणे, पुन्हा तपासणी. बक्षीस आकड्याची खात्री झाल्यावर द्यायचे. साखर उतरलेल्या डोक्याला बक्षीस सुचत नाही, त्यामुळे कंबरेच्या एकाच पाऊचमध्ये एका कप्प्यात ग्लुकोज आणि दुसऱ्यात कुत्र्याचा खाऊ ठेवणे सोयीचे.

बिघाड बहुधा इथेच होतो. न तपासता प्रत्येक इशाऱ्याला खाऊ मिळू लागला की कुत्रा भूक लागल्यावरही ढोसू लागतो. उलट रात्री दोन-तीनदा त्याला ‘झोप रे’ म्हणून ढकलले की तो उठवणे सोडून देतो. उन्हात धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. शिवाय कुत्र्यालाही झोप आणि मोकळीक हवी. चोवीस तास पहारा कोणताच कुत्रा देत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ कुत्र्यांनी उतरलेली साखर ओळखण्याचे मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे) प्रमाण ८३ टक्के होते, पण कुत्र्याकुत्र्यात फरक मोठा होता. सेन्सरशी ताडून पाहणाऱ्या काही लहान अभ्यासांत निकाल बरेच कमजोर आले आणि खोटे इशारेही पुष्कळ निघाले. त्यामुळे कुत्रा ग्लुकोमीटरची किंवा सेन्सरची जागा घेत नाही, आणि ‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे. वहीत इशाऱ्यांइतक्याच चुकलेल्या वेळाही लिहाव्यात. चुका लक्षात राहत नाहीत, म्हणून वहीशिवाय प्रत्येकाला आपला कुत्रा अचूकच वाटतो.

आजारपणाच्या दिवसांतही फिरवणे, खाणे, सराव चुकत नाही. त्यासाठी घरातली किंवा शेजारची एक व्यक्ती आधीच ठरलेली असावी. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर कुत्रा कुणाकडे जाईल, तो काय व किती खातो, हे कागदावर लिहून ठेवतात. मधुमेही घरात सापडणारा एक धोका वेगळा सांगावा लागतो : ‘शुगर-फ्री’ च्युइंगममधील झायलिटॉल (साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ) कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडते आणि त्याचीच साखर धोकादायक पातळीला उतरते. असे काही त्याच्या पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टनासह त्याला पशुवैद्याकडे न्यावे.