सड्यावर रेंज आली की फोन काय काय करतो

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. गुहागरकडच्या बऱ्याच वाड्यांसारखी आमचीही वाडी डोंगराच्या बेचक्यात, खाडीच्या अंगाला. रेंज हवी तर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर जायचं. आमच्या अंगणवाडीच्या ताई रोज दुपारी तेच करतात. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, जांभ्याच्या गडग्याला टेकून उभं राहायचं आणि पिशवीतूनच पडद्याकडे बघत राहायचं. एक दांडी, दोन दांड्या, पुन्हा एक.

एकदा मीही त्यांच्यासोबत तिथे उभा होतो. दोन दांड्या आल्या, पोरांच्या वजन-उंचीच्या नोंदी वर गेल्या आणि ताई "झालं बाबा" म्हणून उतरायला लागल्या. पण तेवढ्या तीन मिनिटांत फोनने आणखी बरंच काही उरकलं होतं. घड्याळ जुळवलं, बॅटरी किती आणि जागा किती उरली ते कळवलं, आपल्यासाठी काही नवा नियम आलाय का ते विचारलं. हा फोन कामाचा आहे, ताईंच्या खासगी वापराचा नाही. असे हजारो फोन दूरवरचा एक सर्व्हर सांभाळत असतो. एकेका फोनपाशी माणूस पाठवणं शक्यच नाही. त्यामुळे फोनला आपलं आपण बघता यायला हवं. मला या विषयाचं वेड लागलं ते ताईंच्या फोनमुळेच. गेल्या पावसाळ्यात तो ऐन कामाच्या दिवसांत अडून बसला, त्याबद्दल पुढे सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी फोनवर इंटरनेट सुरू करायचं म्हणजे काय दिव्य असायचं ते आठवा. कस्टमर केअरला फोन लावायचा, 'जीपीआरएस सेटिंग पाठवा' म्हणायचं, मग एक विचित्र संदेश यायचा, त्यात पिन टाकून सेटिंग सेव्ह करायचं. दुरून फोनची व्यवस्था लावण्याची सुरुवात अशी झाली. जून २००२ मध्ये मोबाइल क्षेत्रातल्या कंपन्यांनी मिळून 'ओपन मोबाइल अलायन्स' ही संस्था काढली आणि तिने या कामाला एक शिस्त आणली. फोनमधली प्रत्येक सेटिंग एका झाडाच्या फांदीवर बसवली. सर्व्हरने अमुक फांदीवर काय आहे ते विचारायचं, तिथलं बदलायचं, नवीन जोडायचं, नको ते छाटायचं किंवा एखादं काम करायला सांगायचं. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सर्व्हर थेट आत घुसत नाही. तो बाहेरून फक्त कडी वाजवतो, एखाद्या छोट्या संदेशाने. दार उघडून बोलणं सुरू करतो तो फोनच. फोन झोपलेला असला, रेंजबाहेर असला, तर निरोप थांबून राहतो.

तरीही या व्यवस्थेत विचार करणारा मेंदू दूर बसलेला. फोन नुसता हुकमाचा ताबेदार. यंत्रं अशी बाहेरून सांभाळणं फार दिवस चालणार नाही, असं त्याआधीच, २००१ मध्ये, आयबीएम या संगणक कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख पॉल हॉर्न यांनी मांडलं होतं. यंत्रं इतकी वाढत चालली आहेत की ती सांभाळायला माणसंच पुरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. उपमा त्यांनी शरीराची घेतली. पाखाडी चढताना हृदयाचे ठोके किती वाढवायचे हे आपण ठरवत नाही. घाम कधी काढायचा हेही नाही. स्वायत्त मज्जासंस्था ते परस्पर बघते आणि आपण चढता चढता गप्पा मारतो. यंत्रांनाही अशी मज्जासंस्था हवी. २००३ च्या जानेवारीत केफार्ट आणि चेस या आयबीएमच्याच दोन संशोधकांनी तिची लक्षणं सांगितली: यंत्राने स्वतःची मांडणी करावी, दुरुस्ती करावी, काम सुधारत न्यावं आणि राखण करावी.

हे घडतं एका चक्राने. आजूबाजूला बघायचं, जे दिसलं त्याचा अर्थ लावायचा, बेत आखायचा, तो अमलात आणायचा आणि पुन्हा बघायचं. या चक्राच्या मध्यभागी साठवलेलं ज्ञान असतं. काल काय झालं होतं, कुठला उपाय लागू पडला होता. माझ्या मते सगळी मदार त्या ज्ञानावर आहे. बाकीचं चक्र तर फ्रिजमधला थर्मोस्टॅटही फिरवतो.

हे चक्र प्रत्यक्ष फिरताना बघायचं तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जा. वाशिष्ठीचं पात्र मुखाशी रुंद आहे आणि पाण्यावरून रेडिओ लहरी विनाअडथळा लांब जातात. बोट मधोमध आली की फोनला दोन्ही काठांचे टॉवर सारख्याच जोरात ऐकू येतात. कोणाला धरायचं? दर क्षणी जो जरा वरचढ वाटेल त्याला धरलं, तर फोन चेंडूसारखा इकडून तिकडे उडत राहील आणि चालू कॉल तुटेल. म्हणून नियम असा ठेवतात की पलीकडचा टॉवर ठरावीक डेसिबलने सरस हवा आणि तसा तो काही काळ टिकायला हवा. तीन डेसिबल म्हणजे सिग्नलची ताकद जवळजवळ दुप्पट. हा फरक फार मोठा ठेवला तर बदल उशिरा होतो, फार लहान ठेवला तर घाई होते. पूर्वी अभियंते हे आकडे हाताने भरत. कोणता टॉवर कोणाचा शेजारी हेही हातानेच. आता बघा, दाभोळ आणि धोपावे पाण्यावरून समोरासमोर, पण रस्त्याने जायचं तर खाडीला भला मोठा वळसा. नकाशावरचे रस्ते बघून शेजारी ठरवणाऱ्याकडून इथे चूक व्हायला कितीसा वेळ?

म्हणून ४जीच्या पहिल्याच मानकात, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या मानकांच्या २००८ च्या अखेरीस ठरलेल्या आठव्या आवृत्तीत, टॉवरने आपले शेजारी आपणच शोधायची सोय घातली गेली. ते शोधतो कोण? बोटीतला तुमचा-माझा फोन. तो आपल्या टॉवरला कळवतो की मला एक अनोळखी टॉवर ऐकू येतोय, त्याचा क्रमांक अमुक. ४जीत असे क्रमांक फक्त ५०४ आहेत, त्यामुळे तेच क्रमांक दूर कुठेतरी पुन्हा वापरावे लागतात. क्रमांकाची खात्री नाही म्हणून टॉवर फोनला सांगतो, त्याची पूर्ण ओळख वाचून आण. फोन ती आणतो आणि शेजाऱ्यांच्या यादीत पलीकडचा काठ दाखल होतो. पुढच्या आवृत्तीत टॉवर तुटलेल्या कॉलवरूनही शिकू लागले: बदल लवकर झाला, उशिरा झाला की भलत्याच टॉवरकडे झाला, आणि त्यानुसार फरकाचे आकडे हलवायचे. खाडीची रुंदी त्यांना कोणी सांगितलेली नसते. रोज ये-जा करणाऱ्या फोनांकडून त्यांना तिचा अंदाज येत जातो.

वादळानंतर मात्र वेगळीच परीक्षा असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. माड-सुपारी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, टॉवर मुके झाले. अशा वेळी टॉवर पुन्हा जागा होतो तो क्षण मोठा नाजूक असतो. पंचक्रोशीतले सगळे फोन एकदम हाका मारू लागतात. गणपतीत एसटीच्या दाराशी होते तशी गर्दी, आत कोणीच शिरत नाही. ४जीच्या टॉवरला दर खेपेला पहिली हाक ओळखायला ६४ खुणा असतात. दोघांनी एकाच वेळी तीच खूण उचलली की टक्कर होते. यावरचा तोडगा एका बेटावरच्या विद्यापीठाचा आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. टक्कर झाली की प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं, इतकाच नियम. त्या मूळ पद्धतीत वाहिनीचा जेमतेम १८ टक्के वेळ कामी लागे, पण मध्ये कोणी रांग लावणारा लागत नसे. फोन सांभाळणारे सर्व्हरही हेच तत्त्व पाळतात. सगळ्यांनी सकाळी नऊला हजेरी द्यावी असा नियम कोणी केला, तर नऊ वाजता सर्व्हर कोसळलाच म्हणून समजा.

आता ताईंच्या फोनचं सांगतो. त्यांच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आली होती. ती उतरवून घ्यायला तीन अटी: वायफाय हवं, चार्जर लावलेला हवा, वेळ मध्यरात्रीनंतरची हवी. शहरात एकदम शहाणपणाच्या अटी. आमच्या वाडीत वायफाय नाही आणि पावसात रात्री लाइट असेलच याचा भरवसा नाही. फोन इमानाने वाट बघत बसला, आठवड्यामागून आठवडे. मग एके दिवशी जुनी आवृत्ती बंद झाली. ताई सड्यावर भिजत उभ्या, दोन दांड्या असूनही नोंद जाईना. वरून जाब विचारला गेला तो त्यांनाच. मला त्याचा आजही राग येतो.

दुःख याचं की लागणारे तुकडे सगळे तयार आहेत. पूर्ण आवृत्तीऐवजी फक्त बदललेला भाग पाठवता येतो. तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे नेता येतं, म्हणजे सड्यावरची रोजची तीन-तीन मिनिटंही पुरली असती. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये यंत्रणेच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे. चालू प्रतीला धक्का न लावता नवी बाजूच्या जागेत लिहायची, फोन तिच्यावर सुरू करून बघायचा, नाही जमलं तर जुनीवर परतायचं. मध्येच वीज गेली तरी फोन मरत नाही. फोनला बॅटरीचा हिशेबही कळतो. रेंज दुबळी असली की टॉवरपर्यंत पोचायला ४जीचा फोन २०० मिलिवॉटपर्यंत जोर लावतो, त्यामुळे खोऱ्यात बॅटरी भराभर उतरते. तिथे डाउनलोड न करणं हे शहाणपणच.

कमी पडली ती चक्राच्या मधली गोष्ट, या फोनच्या स्वतःच्या दिवसांची ओळख. अटी चाळीस दिवसांत एकदाही जुळल्या नाहीत हे फोनच्या नोंदीत होतं. ते बघून अट बदलायची मुभा मात्र त्याला नव्हती. अर्थात फोन जितका शिकेल तितका तो आपल्या माणसाविषयीही जाणेल: कुठे जातो, किती वाजता. ते ज्ञान फोनमध्येच राहावं, वर फक्त 'अपडेट झालं' एवढंच जावं, असं माझं ठाम मत आहे. अट ढिली करायला ताईंचा दिनक्रम सर्व्हरला कळायची काहीच गरज नाही.

दर महिन्याला तालुक्याच्या गावी बैठक असते. ताई पोचल्या की पहिल्यांदा भिंतीवरचं सॉकेट शोधतात, कारण परतीच्या एसटीत फोन चालू राहायला हवा. तिथे वायफाय आहे, लाइट आहे, आणि फोन दोन-अडीच तास भिंतीला टांगलेला असतो, कोणी हात लावत नाही. फक्त तेव्हा मध्यरात्र नसते, सकाळचे अकरा वाजलेले असतात.