दहा वर्षांनी आरक्षण आपोआप उठतं?

‘डी.पी.त आपल्या जागेवर शाळेचं आरक्षण पडलंय ना? 10 वर्षं थांबा, आपोआप उठेल.’ हा सल्ला महाराष्ट्रात वर्षानुवर्षं फिरतोय. (डी.पी. म्हणजे शहराचा विकास आराखडा; त्यात एखादी जागा शाळा, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं म्हणजे आरक्षण.) तो चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून साध्या माणसांचं मोठं नुकसान होतं, म्हणून हा खुलासा.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 127 नीट वाचा. अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला फक्त नोटीस देण्याचा हक्क मिळतो. नोटिशीसोबत मालकी किंवा हितसंबंध दाखवणारे कागद जोडावेच लागतात. त्यानंतर प्राधिकरणाला (म्हणजे महापालिकेसारख्या नियोजन संस्थेला) 24 महिने मिळतात (2015च्या दुरुस्तीआधी हा काळ कमी होता). तेवढ्यात संपादन किंवा त्यासाठीची ठोस पावलं झाली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पत्रव्यवहार किंवा नुसता ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं.

गप्प बसण्याचा खरा धोका पुढे आहे. नोटीस देण्याआधीच सुधारित आराखडा लागू होऊन त्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर 10 वर्षं नव्याने मोजली जातात.

आणखी एक गल्लत म्हणजे हा वाद अपील न्यायाधिकरणात नेता येतो, हा समज. याच कायद्यात असं न्यायाधिकरण आहे, पण ते नगररचना योजनेतल्या (एखाद्या भागातल्या भूखंडांची नव्याने आखणी करणाऱ्या योजनेतल्या) लवादाच्या, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, काही निर्णयांपुरतं. आरक्षण व्यपगत झालं की नाही, हा वाद सहसा रिट याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात जातो.