अंदाज चुकतो तोवरच टिकणारा वक्र

माझी भाची स्पर्धा परीक्षांची तयारी करते. परवा तिच्या वहीत चौकट आखून लिहिलेली एक ओळ दिसली : 'फिलिप्स वक्र – महागाई वाढली की बेरोजगारी घटते, महागाई घटली की बेरोजगारी वाढते.' खाली डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ. मी विचारलं, "असं का होतं गं?" "मावशी, ते विचारत नाहीत," ती म्हणाली.

त्या ओळीत जे गाळलं गेलंय, तेच या विषयाचं मर्म आहे. ती ओळ नियमासारखी पाठ केली, तर १९७४-७५ सालची अमेरिका कळत नाही, २०२३ सालचीही कळत नाही, आणि भारत तर मुळीच कळत नाही.

ज्यांच्या नावाचा हा वक्र, ते बिल फिलिप्स मूळचे न्यूझीलंडचे, पेशाने विद्युत अभियंते. दुसऱ्या महायुद्धात जावा बेटावर ते जपान्यांचे युद्धकैदी होते. छावणीत त्यांनी चोरून रेडिओ बनवला होता. युद्धानंतर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला आले आणि अर्थशास्त्रात रमले. १९४९ साली त्यांनी पाण्यावर चालणारी अर्थव्यवस्था बांधली : माणसापेक्षा उंच यंत्र, पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा. पाणी म्हणजे पैसा. एका नळीतून कर वाहून जायचा, दुसरीतून बचत, आणि झडप फिरवली की राष्ट्रीय उत्पन्नाची पातळी डोळ्यांदेखत वरखाली व्हायची. मला हे यंत्र अतिशय आवडतं.

१९५८ साली फिलिप्स यांनी ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातल्या बेरोजगारीचे आणि पगारवाढीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. वक्र बसवला तो १८६१ ते १९१३ च्या आकड्यांवर, आणि नंतरच्या दशकांतले बरेच बिंदूही त्याच्या आसपास पडले. बेरोजगारी कमी असलेल्या वर्षांत पगार भराभर वाढत, जास्त असलेल्या वर्षांत रेंगाळत. इथे लक्षात ठेवायचं ते हे, की त्यांच्या आलेखात महागाई नव्हती, पगारवाढ होती. पगाराच्या जागी किमती आणून अमेरिकेसाठी तो आलेख मांडला पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट सोलो या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी, १९६० साली. मग धोरणकर्त्यांना त्यात पर्यायांची यादी दिसू लागली : थोडी महागाई पत्करा, तेवढे रोजगार घ्या.

आता 'का'कडे येऊ. त्यासाठी एकूण पुरवठा समजून घ्यावा लागेल, म्हणजे एखाद्या भावपातळीला देशातले सगळे उत्पादक मिळून किती माल बनवायला तयार आहेत ते. भाव वाढला की पुरवठा वाढतो, हे आपण शाळेत शिकलो. पण तो नियम एका वस्तूचा. कांदा महागला आणि बाकी सगळं तिथंच राहिलं, तर शेतकरी कांदा जास्त लावेल. सगळंच एकदम दुप्पट महागलं तर? शर्ट दुप्पट, कापड दुप्पट, मजुरी दुप्पट. कारखानदाराच्या हातात पूर्वीइतकंच उरतं. मग त्याने एक तरी शर्ट जास्त का शिवावा?

शिवणार नाही. तो जास्त शिवतो ते काहीतरी मागे रेंगाळलं तरच, आणि बहुतेक वेळा रेंगाळते ती मजुरी. माझ्या मते अर्थशास्त्रातली ही सर्वांत सुंदर जागा आहे, म्हणून आकडे घालून सांगते.

शर्ट शिवणारा एक कारखाना घ्या. कापड, वीज वगैरे वजा जाता शर्टामागे १५० रुपये उरतात. मजुरी दिवसाला ६०० रुपये, वर्षभरासाठी ठरलेली. दहावा कारागीर दिवसाला ४ शर्टांची भर घालतो, म्हणजे ६०० रुपयांची, जेमतेम परवडतो. अकरावा आला तर यंत्रं तेवढीच असल्याने भर पडते साडेतीन शर्टांची, ५२५ रुपयांची. त्याला काम मिळत नाही. आता अचानक सगळ्याच किमती २० टक्क्यांनी वाढल्या. शर्टामागे १८० रुपये उरू लागले. अकराव्याची भर झाली ६३० रुपये आणि मजुरी करारामुळे ६०० वरच अडकलेली. त्याला नोकरी लागते. भावपातळी वर, उत्पादन वर, बेरोजगारी खाली. वहीतली रेघ ती हीच.

पण ही नोकरी आली कुठून? कारागिराच्या ६०० रुपयांत आता पूर्वीच्या ५०० रुपयांइतकाच माल येतो. करार करताना त्याला हे ठाऊक नव्हतं. वर्ष संपतं, नवा करार होतो, तो ७२० मागतो, आणि रास्तच मागतो. अकराव्याची भर मात्र ६३० च आहे. तो पुन्हा घरी बसतो. दहावा आपला चार गुणिले १८०, म्हणजे बरोबर ७२० ला टिकतो. भाव २० टक्के वर गेले ते गेलेच; रोजगार होता तिथं परत आला. आणि पुढच्या वर्षीही भाव २० टक्के वाढणार हे करार करतानाच सगळ्यांनी धरलं असेल, तर तेवढी भाववाढ होऊनही अकराव्याला एक दिवसही काम मिळणार नाही.

म्हणजे रोजगार महागाईने वाढत नाही. तो वाढतो महागाईचा अंदाज चुकल्याने. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६७ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात, हेच बजावलं. एडमंड फेल्प्स स्वतंत्रपणे तिथंच पोचले होते. मग फिलिप्स यांचा वक्र इतकी वर्षं टिकला कसा? १८६१ ते १९१३ या काळात ब्रिटनचं चलन सोन्याला बांधलेलं होतं. भाव वरखाली होत, पण वर्षानुवर्षं वाढतच राहतील अशी कुणाची धारणा नव्हती. लोकांचा अंदाज जागचा हलत नव्हता, म्हणून वक्रही हलला नाही.

हे सूत्रात मांडलं की त्याचे दात दिसतात. यंदाची महागाई म्हणजे अपेक्षित महागाई, उणे (बेरोजगारीचा दर वजा तिचा नैसर्गिक दर) गुणिले एक गुणांक, अधिक पुरवठ्याचा धक्का. नैसर्गिक दर म्हणजे महागाईचा अंदाज बरोबर ठरला तरी उरतेच ती बेरोजगारी. उदाहरणापुरता गुणांक अर्धा धरू, नैसर्गिक दर ५ टक्के, आणि लोक गेल्या वर्षीचीच महागाई यंदा होईल असं मानतात असं समजू. महागाई २ टक्के असताना सरकारने बेरोजगारी ३ टक्क्यांवर दाबून धरायची ठरवली. पहिल्या वर्षी महागाई ३ टक्के, मग ४, मग ५. सहाव्या वर्षी ८. बेरोजगारी ३ टक्क्यांवर ठेवण्यासाठी महागाई जास्त असून भागत नाही, ती दरवर्षी वाढावी लागते. परतीची वाटही याच सूत्रात आहे : ८ वरून २ वर यायला बेरोजगारी ९ टक्क्यांवर सलग तीन वर्षं सोसावी लागेल.

सूत्रातलं शेवटचं पद विसरू नका. १९७३ च्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून साडेअकरा डॉलरच्या पुढे गेली. वाहतूक, खतं, वीज, सगळ्यांचा खर्च वाढला. एकूण पुरवठ्याची अख्खी रेघच सरकली आणि तेवढाच माल बनवायला जास्त भाव लागू लागला. १९७४ मध्ये अमेरिकेत महागाई ११ टक्के होती, आणि मे १९७५ मध्ये बेरोजगारी ९ टक्के. दोन्ही एकदम वर. आपल्याकडेही १९७४ साली महागाई भडकली, तेव्हा सरकारने कायदा करून नोकरदारांच्या महागाई भत्त्यातली निम्मी वाढ सक्तीने ठेवीत टाकली. भाव वाढले म्हणून पगार, पगार वाढला म्हणून भाव, ही साखळी तोडायचा तो प्रयत्न होता.

अमेरिकेत ती साखळी तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी तोडली, आणि त्याची किंमत भयंकर होती. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले. घरबांधणी ठप्प झाली. बांधकाम करणाऱ्यांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने मध्यवर्ती बँकेकडे पाठवले. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली. १९८० मध्ये १३.५ टक्के असलेली महागाई १९८३ मध्ये ३.२ टक्क्यांवर आली. लोकांची अपेक्षा खाली आणायला लाखो नोकऱ्या गेल्या. जून २०२२ मध्ये ९.१ टक्के असलेली महागाई मात्र वर्षभरात ३ टक्क्यांवर आली आणि बेरोजगारी ४ टक्क्यांच्या खालीच राहिली. यावर वाद चालू आहे. मला पटणारं उत्तर असं, की कोविडनंतर विस्कटलेला पुरवठा सावरला, आणि या वेळी दूरच्या महागाईविषयी लोकांची अपेक्षा फारशी हललेली नव्हती.

अपेक्षेचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. दर जानेवारीत 'संक्रांत पिवळं वस्त्र नेसून आली, हळद महागणार' असे संदेश फिरतात. सूर्याच्या राश्यंतराचा हळदीच्या भावाशी काहीही संबंध नाही. भाव ठरतो तो लागवड, पाऊस, साठा आणि मागणी यांवर. पण असे संदेश खरे मानून लोक साठे करू लागले, तर काही दिवस भाव खरोखर चढतील आणि भाकीत 'खरं' ठरेल. म्हणून मला ते निरुपद्रवी वाटत नाहीत.

भारतात वहीतली ती रेघ शोधायला गेलं तर सहज सापडत नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त कामकरी स्वयंरोजगारात आहेत. त्यांचा वर्षाचा करार नाही, म्हणून अंदाज चुकण्याची ती यंत्रणाच पातळ आहे. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के, म्हणजे पाऊस चुकला की सूत्रातलं शेवटचं पदच बाकीच्यांना झाकून टाकतं. "व्याजदर वाढवून टोमॅटो कसा स्वस्त होणार?" असं लोक विचारतात. होत नाहीच. रिझर्व्ह बँकेला पाहायचं असतं ते एवढंच, की टोमॅटोची धास्ती पगारांत, भाड्यांत आणि वर्षभराच्या करारांत शिरू नये. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर महागाई ४ टक्के, दोन टक्के वर किंवा खाली, असं उद्दिष्ट जाहीर आहे ते त्यासाठीच.

ही अपेक्षा मोजण्यासाठी रिझर्व्ह बँक मुंबई, नागपूरसह अनेक शहरांत घरोघरी विचारते : तीन महिन्यांनी भाव किती वाढलेले असतील, वर्षभराने किती? उत्तरं बहुतेक वेळा सरकारी आकड्यापेक्षा बरीच वर असतात, कारण माणूस उत्तर देतो ते कालच्या बाजाराच्या पिशवीवरून. भाचीच्या चौकटीत न मावलेली 'अपेक्षित महागाई' ती हीच. तिचा आकडा कुणाच्या तरी ओट्यापाशी उभं राहून विचारावा लागतो.