कार्तूशची चौकट: बरोक नक्षीछापांमागचा इतिहास

सतराव्या शतकातले, म्हणजे बरोक या भरघोस सजावटीच्या शैलीच्या काळातले, नक्षीचे छाप (पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रे) भिंतीवर लावण्यासाठी नव्हते. सोनार, लाकूड कोरणारे, गिलाव्यात नक्षी काढणारे अशा कारागिरांना नमुने लागत. पॅरिसचे प्रकाशक ते बहुधा सहा-सहा पानांच्या संचांत विकत. कार्तूश, म्हणजे कुलचिन्हासाठी किंवा मजकुरासाठी मधली जागा कोरी ठेवणारी चौकट, हा त्यातला फार खपणारा प्रकार.

या चौकटीचे मूळ पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या राजवाड्यात सापडते. १५३०च्या दशकात इटालियन चित्रकार रोस्सो फिओरेंतिनोने तिथे गिलाव्यात कापलेल्या, कडेला गुंडाळी झालेल्या चामड्यासारख्या पट्ट्या घडवल्या. छापांमधून त्या युरोपभर गेल्या. पुढे नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचा चांदीकारागीर आडाम फान व्हियानेन याच्या हातात पट्टीची धारच वितळली. त्याच्या १६१४च्या सुरईत कुठे पट्टी संपते आणि कुठे प्राण्याचे अंग सुरू होते हे सांगता येत नाही. कानाच्या पाळीसारख्या या मांसल वळणांचे नमुने त्याच्या मुलाने १६५०च्या सुमारास छापून काढले.

इटालियन छापचित्रकार स्तेफानो देल्ला बेल्ला १६३९ ते १६५० पॅरिसमध्ये होता. १६४६च्या त्याच्या कार्तूश-संचात चौकटीला प्राणी आणि कातडी लगडलेली दिसतात. पण खरी कमाल रेषेची आहे. ही अ‍ॅसिडने चरलेली रेषा. तांब्याच्या पत्र्यावर व्हार्निशचा थर देऊन सुईने तो खरवडायचा, मग उघडे पडलेले तांबे आम्लाने खायचे. फ्रेंच छापचित्रकार आब्राम बॉसच्या १६४५च्या ग्रंथात कठीण व्हार्निशसाठी व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) यांचे मिश्रण दिले आहे. फिकट हव्या त्या रेषा थोड्या वेळाने तेल-चरबीने झाकत आणि बाकीच्या आणखी चरू देत. रेषा फार दाट काढल्या तर मधले व्हार्निश सुटते, आम्ल आत शिरते आणि सावलीच्या जागी डाग उमटतो.

जुना पत्रा पुन्हा पुन्हा छापला की उथळ रेषा आधी झिजतात. म्हणून उशिराच्या छापात पुढची आकृती ठळक आणि मागचे बारीक काम गायब असते. प्रकाशक मग कोरणीने रेषा पुन्हा खोल करून घेत; ती दुरुस्ती ताठरपणामुळे लगेच ओळखू येते. नकलही सहज पकडता येते. समोरचा छाप तसाच्या तसा पत्र्यावर उतरवला की छापताना तो उलटतो. मूळ छापात उजेड डावीकडून असेल, तर नकलेत उजवीकडून येतो.

पॅरिसचा नक्षीछापकार ज्याँ लपोत्र (१६१८–१६८२) याने दोन हजारांहून अधिक पत्रे केले. त्याच्या काही छापांत डावे अर्धे एक आणि उजवे अर्धे दुसरे असते. हा समतोलाचा दोष नव्हे: एका पत्र्याच्या खर्चात गिऱ्हाइकापुढे दोन पर्याय ठेवलेले असत.

शतकाच्या शेवटी फ्रेंच नक्षीकार ज्याँ बेरँ (१६४०–१७११) याने सगळे सपाट केले. त्याच्या बारीक पट्ट्या आणि टेकू देऊन उभ्या केलेल्या आकृत्या फर्निचर-कारागीर बूलच्या पद्धतीच्या जडावकामात उत्तम बसत. तिथे पितळेचा आणि कासवाच्या कवचाचा पत्रा एकमेकांवर दाबून एकाच करवतीने कापत. तुकड्यांची अदलाबदल केली की दोन फलक तयार होत: एकात कवचात पितळ, दुसऱ्यात पितळेत कवच. अशा कामाला जाड, लोंबत्या सावल्यांचा काही उपयोग नव्हता.