पिन कोड टाकला की लोकसंख्या: हा आकडा येतो कुठून?

चौकटीत 403401 टाइप करायचं, बटण दाबायचं, की गोव्यातल्या फोंड्याची लोकसंख्या समोर हजर. अशी ऑनलाइन साधनं आता बरीच झाली आहेत. औषधांचं दुकान काढणारा, शिकवणीवाला, बँकेचा शाखाधिकारी, सगळ्यांनाच तो आकडा हवा असतो. तो अगदी एककापर्यंत नेमका छापलेला असतो आणि गंमत म्हणजे कुणीच मोजलेला नसतो.

आपल्या जनगणनेत पिन कोडनिहाय तक्ता नाही. राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव किंवा शहर आणि शहरात प्रभाग, अशी तिची उतरंड. पिन कोड पोस्टाचा. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्याशी संबंधित मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून तो 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांमुळे पत्रं भलतीकडे जात, ते थांबवायचं होतं. पहिले तीन अंक 403 म्हणजे गोवा, पुढचे तीन पत्रं वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. पोस्टमनला कुठून निघणं सोयीचं, एवढाच त्यामागचा विचार. पंचायतीच्या हद्दीशी त्याला देणंघेणं नाही.

फोंड्याचंच बघा. 2011 साली नगरपालिका हद्दीत बावीस हजारांच्या आसपास माणसं होती. पण 403401 वर कुर्टी, बांदोडे, कवळे इथलीही पत्रं येतात. कुर्टी आणि बांदोडे कारभाराने पंचायती, पण जनगणनेच्या वहीत शहरं. पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, एवढं जमलं की गावाचं ‘जनगणना शहर’ होतं. गोव्यात 2011 मध्ये अशी 56 होती. तेव्हा ‘फोंड्याची लोकसंख्या’ म्हणजे नेमकी कुणाची, हे साधनाने आधीच कुठेतरी ठरवून टाकलेलं असतं. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

ठरवतं कसं? नकाशावर पिन कोडच्या हद्दी आणि गावांच्या हद्दी एकावर एक ठेवतात. गाव पूर्ण आत आलं तर त्याची सगळी माणसं धरायची. अर्धंच आलं तर सर्वात सोपी रीत क्षेत्रफळाची: गावाची चाळीस टक्के जमीन या पिनमध्ये, म्हणून चाळीस टक्के माणसंही इथलीच.

ही रीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात लावून पाहा. तालुका सुमारे 490 चौरस किलोमीटरचा, 2011 ची लोकसंख्या साठ हजारांहून थोडी जास्त. त्यातले 208 चौरस किलोमीटर म्हादई अभयारण्य. माणसं जमिनीवर सारखी पसरली, तर पंचवीस हजारांहून जास्त लोक थेट अभयारण्यात जाऊन बसतात! गावनिहाय आकडे घेतले की चूक कमी होते, संपत नाही, कारण एकेका गावाच्या हद्दीतही डोंगर, बागायती आणि एका कोपऱ्यातली वस्ती असतेच.

म्हणून जरा हुशार साधनं उपग्रहाच्या चित्रांतून घरं शोधतात आणि गावाची लोकसंख्या जमिनीऐवजी छपरांवर वाटतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाचा वर्ल्डपॉप प्रकल्प याच धर्तीवर साधारण शंभर मीटरच्या चौकोनांचे नकाशे बनवतो. त्यात इमारतींसोबत रस्ते, रात्रीचे दिवे, जमिनीचा चढउतार हेही जमेस धरतात. सत्तरीचं जंगल यात रिकामं होतं. खरं कोडं पडतं ते उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात.

2011 च्या गणनेत गोव्यातल्या साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. मालक मुंबईला, आखातात किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. वर हल्ली दिल्ली-मुंबईकरांनी घेतलेले, वर्षातून दोन आठवडे उघडणारे फ्लॅट. उपग्रहाला कुलूप दिसत नाही. छप्पर मोठं, म्हणून माणसं जास्त, या हिशेबाने निम्मी दारं बंद असलेला वाडा भरलेला दिसतो आणि मागच्या बाजूला एकेका खोलीत चौघं राहणाऱ्या मजुरांची चाळ हलकी ठरते. औषधांचं दुकान मात्र त्या चाळीच्या जोरावर चालतं. कळंगुटच्या 403516 मध्ये डिसेंबरात रस्त्यावर दिसणारी गर्दीही या आकड्यात नसते, कारण हॉटेलातल्या पाहुण्याची नोंद त्याच्या घरच्या पत्त्यावर होते.

अमेरिकेतही हेच दुखणं. तिथला झिप कोड 1963 चा, तोही पत्रवाटपाच्या मार्गांचाच. 2000 च्या जनगणनेपासून तिथल्या जनगणना खात्याने झिपशी जुळणारे स्वतःचे अंदाजी भूभाग आखले आणि त्यांचे तक्ते अधिकृतपणे छापायला सुरुवात केली. तिकडच्या साधनांची भिस्त त्यांवरच असते. आपल्याकडे ते काम ज्याचं त्याने करायचं, म्हणून एकाच पिनला दोन साधनं दोन आकडे देतात. चांगलं साधन निदान साल आणि रीत सांगतं. 2011 नंतर आपल्याकडे जनगणनाच झालेली नसल्याने ‘2024’ असं लेबल दिसलं, तर तो जुना आकडा वाढीचा दर लावून पुढे ढकललेला आहे, हे धरून चालावं.

मे 2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन हा डिजिटल पत्त्याचा कोड आणला. दहा अक्षरांचा एकेक कोड म्हणजे साधारण चार मीटर बाय चार मीटरचा एकेक चौकोन. अशा चौकोनांची बेरीज करून कुठलीही हद्द बनवता येते, त्यामुळे गणिताची अर्धी डोकेदुखी मिटावी. पण चार मीटरचा चौकोन म्हणजे कुणाची तरी झोपायची खोली. तिथे किती माणसं, हे कुठलीही जनगणना छापणार नाही आणि छापूही नये.