परदेशातल्या रानात शिकवतं कोण? संवर्धनाच्या फिरत्या शाळांची पार्श्वभूमी

1873 च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीझ बेटावर पन्नासेक जण बोटीतून उतरले. बरेचसे शाळामास्तर होते, त्यांत स्त्रियाही होत्या. राहायची इमारत अजून अर्धवट होती, म्हणून गोठा साफ करून त्याचाच वर्ग आणि त्याचीच खानावळ केली. आढ्याला भिंगरी पक्ष्यांची घरटी होती आणि शिकवणं चालू असताना पाखरं डोक्यावरून ये-जा करत. शिकवणारे निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांचं सांगणं एवढंच, की पुस्तकं मिटा आणि निसर्ग वाचा. त्याच वर्षअखेरीस ते वारले आणि दोन उन्हाळ्यांत शाळा बंद पडली. पण जिवंत प्राणी जिथे राहतो तिथे जाऊन शिकायचं, ही रीत मात्र रुजली.

आज तरुण मुलं सत्रभर परदेशातल्या एखाद्या दुर्गम रानात तंबू ठोकतात, प्राण्यांची मोजदाद करतात आणि त्यावर विद्यापीठाचे क्रेडिट मिळवतात, त्याचं एक मूळ या गोठ्यात आहे. मात्र एक गोष्ट टाळून चालणार नाही. निसर्गाकडे डोळे उघडून बघा म्हणणारे हेच अगासिझ मानववंश वेगवेगळे निर्माण झाले असं मानत आणि त्यांत उच्चनीच लावत. रानाकडून शिकायची तयारी होती, रानातल्या माणसांकडून नव्हती. ही उणीव भरून निघायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली.

दुसरं मूळ युद्धात आहे. कुर्ट हान हे जर्मन शिक्षक नाझींना विरोध केल्यामुळे 1933 मध्ये देशाबाहेर पडले आणि ब्रिटनमध्ये स्थिरावले. 1941 मध्ये जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साथीनं त्यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली. बुडालेल्या जहाजांच्या होड्यांमध्ये धडधाकट तरुण खलाशी आधी दम सोडतात आणि मुरलेले वयस्क तग धरतात, असं होल्ट यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून पोरांना महिनाभर समुद्र आणि डोंगर यांच्या हवाली करायचं. हीच पद्धत अमेरिकेत गेली. तिथल्या ‘आउटवर्ड बाउंड’ शाळेत शिकवण्याचं काम केलेले गिर्यारोहक पॉल पेट्झोल्ट यांनी 1965 मध्ये वायोमिंगमध्ये ‘नोल्स’ ही रानात राहायला शिकवणारी शाळा काढली. बाहेर राहायचं कौशल्य म्हणजे काय, ते इथे पक्कं झालं. आदल्याच वर्षी अमेरिकेनं ‘वाइल्डरनेस’ला, म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या रानाला, कायद्यात जागा दिली होती. जिथे माणूस पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही, अशी त्या कायद्यातली व्याख्या. ‘मुक्कामाला राहत नाही’ हे शब्द पुढे फार महागात पडले.

परदेशात जाऊन काम करण्याची घडी आधीच बसू लागली होती. आंतोन डोर्न यांच्या नेपल्समधल्या सागरी प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकातच देशोदेशीच्या संस्था वर्षाचं भाडं भरून आपल्या संशोधकांसाठी एकेक ‘टेबल’, म्हणजे कामाची जागा, राखून ठेवत. 1963 मध्ये सहा अमेरिकी विद्यापीठं आणि कोस्टा रिका विद्यापीठ यांनी मिळून ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज’ उभी केली. 1968 मध्ये कोस्टा रिकातलं ला सेल्व्हाचं जंगल तिच्याकडे आलं आणि उष्ण कटिबंधातलं क्षेत्रीय शिक्षण खऱ्या अर्थानं स्थिरावलं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट. तिथले वनाधिकारी इयन प्लेअर यांनी 1957 मध्ये ‘वाइल्डरनेस लीडरशिप स्कूल’ सुरू केलं. पांढरा गेंडा तेव्हा नाहीसा होण्याच्या बेतात होता आणि उम्फोलोझीचं रान हा त्याचा मोठा आसरा होता. प्लेअर यांचे सोबती होते झुलू वनरक्षक मागकुबु एन्टोम्बेला. हुद्द्यानं ते हाताखालचे, पण आपले गुरू तेच, असं प्लेअर उघडपणे सांगत. वर्णभेदाच्या राजवटीत हे सांगणं सोपं नव्हतं. नकाशावर ते रान राखीव होतं, मात्र एन्टोम्बेला यांना तिथल्या टेकड्यांचा आणि झुलू राजांच्या शिकारींचा इतिहास तोंडपाठ होता. रान ओसाड नव्हतंच.

या शाळेची एक रीत आजही टिकून आहे. छोटी तुकडी पायी निघते. रात्री सगळे निजल्यावर प्रत्येकानं आळीपाळीनं शेकोटीपाशी एकट्यानं जागायचं. लाकूड सारायचं, कान टवकारून बसायचं आणि वेळ झाली की पुढच्याला उठवायचं. अंधारात कुठेतरी सुकी काटकी मोडते, आणि आपण इथले मालक नाही हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

1980 मध्ये ‘स्कूल फॉर फील्ड स्टडीज’ निघालं, आणि मग सत्रभराचे अभ्यासक्रम देणाऱ्या अशा संस्था वाढत गेल्या. टीकाही आली. 1989 मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी रोखठोक लिहिलं, की निर्मनुष्य रानाची अमेरिकी कल्पना इतर देशांवर लादली तर तिथले गरीब जमिनीवरून उठवले जातात. ही टीका मला पूर्ण पटते. खुद्द अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातूनही मूळ रहिवाशांना हुसकावलं होतं. 1996 मध्ये नामिबियानं कायदा बदलला. सामुदायिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांनी ‘कन्झर्व्हन्सी’, म्हणजे संवर्धनासाठीची आपली संस्था, स्थापन केली तर वन्यजीवांवरचे हक्क आणि त्यातून येणारं उत्पन्न त्यांचं, अशी ती तरतूद. नामिबियाच्या कुनेने भागात काम करणाऱ्या ‘राउंड रिव्हर’सारख्या संस्थांचे विद्यार्थी त्यामुळे स्थानिकांच्या कामात हातभार लावतात.

साधारण त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेच्या करू राष्ट्रीय उद्यानात लुई लीबेनबर्ग यांनी ‘सायबरट्रॅकर’ बनवलं. प्राण्यांचा माग काढणाऱ्या माणसाला वाचता येत नसलं तरी चालेल, अशी त्याची रचना. हातात मावणाऱ्या पडद्यावर प्राण्यांची आणि त्यांच्या हालचालींची चित्रं. गेंड्यानं कुठलं झुडूप खाल्लं, ताजा ठसा कुठे दिसला, ते बोटानं टिपायचं, जागेची नोंद यंत्र करतं. उद्यानातले माग काढणारे कारेल बेनाडी आणि जेम्स मिन्ये यांनी काळ्या गेंड्याच्या अशा नोंदी केल्या. 1999 मध्ये ‘पॅकिडर्म’ या नियतकालिकात त्यावर लेख छापून आला तेव्हा लीबेनबर्ग यांच्याबरोबर या दोघांचीही नावं लेखक म्हणून होती.