गहू सुटला, चटणी सुटली नाही

कोल्हापुरात मिसळीच्या टेबलावर हल्ली एक नवी ऑर्डर कानावर पडते : "ब्रेड नको, ग्लुटेन असतंय. कट तेवढा जादा आणा." गहू बंद केल्यापासून पोट हलकं वाटतंय असं सांगणारा आता जवळपास प्रत्येक घरात भेटतो. तो थापा मारत नसतो, त्याला खरंच बरं वाटत असतं. फक्त ते ग्लुटेन सोडल्यामुळंच वाटतंय, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

ग्लुटेन डोळ्यांनी बघायचं असेल तर कणकेचा गोळा नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहा. पांढरं पाणी होऊन स्टार्च निघून जातो आणि हातात पिवळट, रबरासारखा ताणला जाणारा चिकट ऐवज उरतो. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हातली प्रथिनं पाणी पिऊन एकमेकांत गुंतली की हे तयार होतं. पाव फुगतो, चपाती न फाटता लाटली जाते, ती याच्याच जोरावर. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ते नसतं. म्हणून तर भाकरी थापावी लागते.

काही माणसांना मात्र हे प्रथिन खरोखरच घातक असतं. त्या आजाराचं नाव सीलियाक. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, आतड्याची लव झिजते आणि अन्न अंगी लागत नाही. पोट बिघडतंच असं नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही किंवा मुलाची उंची खुंटते, एवढंच लक्षण असू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा सीलियाक असलेली मुलं उलट सुधारली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचा संशय आधीपासूनच गव्हावर होता, तो यानं पक्का झाला. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या आजाराच्या प्रतिपिंडांचं (रक्तातल्या अँटिबॉडीजचं) प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडं सारखीच होती, उत्तरेत गहू कितीतरी जास्त खाल्ला जात होता.

मग हा आजार नसलेल्या बाकीच्यांचं पोट गव्हानं का फुगतं? मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये सीलियाक नसतानाही ग्लुटेन बाधतं असा निष्कर्ष काढला होता. पण त्यांनीच २०१३ मध्ये अशा ३७ जणांवर जास्त कडक प्रयोग केला. आधी सर्वांच्या जेवणातून आतड्यात आंबणारी कर्बोदकं कमी केली. तेवढ्यानंच सगळ्यांना बरं वाटलं. मग कुणाला ग्लुटेन, कुणाला दुधातलं प्रथिन, आळीपाळीनं आणि काय दिलंय ते न सांगता. दोन्हींनी त्रास सारखाच वाढला. स्वतःचाच निष्कर्ष असा मोडून दाखवणारे संशोधक कमी असतात.

ओस्लोतला २०१८ चा प्रयोग तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना तीन प्रकारच्या वड्या दिल्या : एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाहीत. सर्वाधिक त्रास ग्लुटेननं झाला असे १३ जण निघाले, फ्रुक्टाननं २४ आणि दोन्ही नसलेल्या वडीनं २२! त्रास होणार अशी धास्ती घेतली तरी पोट दुखतं, आणि ते दुखणं नाटकी नसतं.

फ्रुक्टान म्हणजे लहान आतड्यात न पचणारी साखरेची साखळी. ती पुढं मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस होतो. गव्हात ती असते, पण कांद्यात आणि लसणीतही भरपूर असते. आता आपल्याकडं जिला नुसतं 'चटणी' म्हणतात त्या तिखटात काय असतं ते आठवा, आणि तो जादा मागवलेला कटही. शिवाय गहू सोडणारा त्याबरोबर खारी, नानकटाई, वडापाव आणि रात्रीची भजीही सोडतो. श्रेय सगळं ग्लुटेनला.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन पन्नास-शंभर पदार्थांची लाल-हिरवी यादी देणाऱ्या 'फूड इन्टॉलरन्स' चाचण्यांवर तर पैसे घालवूच नका. त्या आयजीजी प्रतिपिंडं मोजतात, आणि ती एखादा पदार्थ नेहमी खाल्ल्याची खूण असतात, त्रासाची नव्हे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच या चाचण्या निदानासाठी वापरू नका असं सांगितलंय. रोज दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराच्या यादीत दूध लाल आलं, तर त्यात नवल काय?

शंका असेल तर गहू सोडण्याआधी डॉक्टरांकडं जा, नंतर नको. टीटीजी नावाची रक्तचाचणी प्रतिपिंडं शोधते, आणि ग्लुटेन बंद करून काही महिने गेले की ती प्रतिपिंडं ओसरतात. आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्याचंही तसंच. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो. रिपोर्ट चांगला आला, तर चपाती तशीच ठेवून काही आठवडे कांदा-लसूण कमी करून बघायला हरकत नाही.

सीलियाकचं निदान पक्कं झालं, तर मात्र 'थोडंसं चालतंय' म्हणायची सोय नाही. पथ्य जन्मभराचं. आपल्या भागात पिकणारा खपली गहू पचायला हलका म्हणून विकला जातो, पण तोही गहूच. ग्लुटेन त्यात आहे. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही, तिच्यात आधीचं पीठ उतरतं. ती गहू न दळणाऱ्या गिरणीतच दळून घ्यावी, नाहीतर गव्हाला न वापरलेली घरघंटी बरी. आणि आमटीच्या फोडणीतला डबीतला हिंग बघा, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.